डिसेंबरचा दर्या

आमची मुलगी शेटलंडच्या एका बेटावर वृद्धाश्रमात नर्स आहे. नकाशात स्कॉटलंडच्याही वर शिंतोडे उडाल्यासारखी जी बेटं दिसतात, त्यांतलं तिचं सगळ्यात वरचं. तिथून निघायचं तर आधी एक फेरीबोट, मग मधलं बेट गाडीने ओलांडायचं, मग दुसरी फेरीबोट, तेव्हा कुठे विमानतळाचं मोठं बेट. बहरीनमध्ये, हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मला हे तोंडपाठ झालं होतं. तसे आम्हीही बेटावरच राहायचो म्हणा. पण बहरीनला सौदीशी जोडणारा पूल आहे, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

माझी नोकरी संपत आली होती. डिसेंबरअखेर व्हिसा खलास, मग कायमचं रायगडला, खाडीकाठच्या घरी. मुलगी या फ्लॅटमध्येच लहानाची मोठी झाली. तो सोडण्याआधी तिला एकदा इथे राहून जायचं होतं. रजा ऑगस्टमध्ये टाकू की डिसेंबरमध्ये, असं तिने विचारलं. हिने तिला बोलूसुद्धा दिलं नाही. ऑगस्टात कोण दर्यात उतरतं? आमच्याकडे पाऊस लागला की लाँच बंद, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. दिवाळीनंतर मात्र दर्या कसा परातीतल्या पाण्यासारखा. मीही मान डोलावली. मुलीचाही तिथला तो पहिलाच हिवाळा, तिने आईचं ऐकलं. सात पिढ्यांचं शहाणपण होतं ते, फक्त समुद्र दुसरा होता.

तिकडचा डिसेंबर म्हणजे आपला आषाढ निघाला. वारा सुटला आणि बोटी बंद पडल्या. पोर रोज बॅग घेऊन धक्क्यावर जायची आणि परत यायची. ही रोज तिच्यासाठी सुरमई आणायची आणि ती मला खावी लागायची. एरवी सुरमईला मी कधी नाही म्हणालो नसतो, पण त्या आठवड्यात घास उतरत नव्हता.

इकडे घर रिकामं होत होतं. कपाट गेलं, फ्रिज गेला. मुलीचा पलंग तेवढा हिने विकू दिला नाही.

किल्ली द्यायच्या दिवशी सकाळी फोन आला. पहिली बोट मिळाली होती, दुसरी सुटत नव्हती. ती मधल्या बेटावर अडकली होती.

"आई, किल्ली अजून देऊ नका ना," ती म्हणाली. एरवी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी पोर.

"दर्यापुढे कुणाचं चालतं, बाळा?" ही म्हणाली. "आता जूनमध्ये गावाला ये. तुझा दर्या तेव्हा शांत असतो ना?"

"पण तुमची लाँच तेव्हा बंद असेल."

"एसटीने ये. बाबा घ्यायला येतील."

घरमालकाचा माणूस दारात उभा होता. तो पलंगही त्यालाच ठेवून घ्यायला सांगितला. हिने बांधलेल्या सामानातून एक धुतलेली चादर काढली, पलंगावर घातली, कडा नीट खोचल्या आणि मग किल्ली दिली.