थंडी वाढली तेव्हा

लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात गेले होते. तिच्या घराबाहेर एका मोठ्या पेटीत पंखा फिरायचा आणि घर उबदार राहायचं. एका सकाळी तो पंखा थांबला आणि तळघरात भप्पकन आवाज झाला. मी दचकले.

"घाबरू नका आई," जावई म्हणाले. "बाहेरचा हीट पंप हवेतली ऊब ओढून आत आणतो. थंडी फार वाढली की त्याला झेपत नाही. मग तो थांबतो आणि खालची गॅसची भट्टी पेटते. थंडी ओसरली की पुन्हा पंप."

मला त्या पंपाचं कौतुक वाटलं. गारठलेल्या हवेतही ऊब असते आणि ती शोधून आणता येते. आणि झेपेना झालं की त्याला थांबताही येत होतं. आम्हा बायकांना ते कुठे जमतं!

विहीणबाईही नातवासाठी आल्या होत्या. पण बाळाची अंघोळ, लेकीचा शेक, डिंकाचे लाडू, सगळं मीच करत होते. पाहुण्यांना कशाला त्रास, असं मला वाटायचं. त्या दिवशी बाळाला तेल लावून उठताना कंबरेत चमक भरली आणि मी भिंत धरून उभी राहिले.

विहीणबाईंनी पुढे होऊन बाळ घेतलं.

"बसा हो तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "मलाही त्याला न्हाऊ घालायचंय. विचारू कसं, तेच कळत नव्हतं."

मी बसले. त्यांनी कोपर बुडवून पाणी पाहिलं, बाळाला पायांवर घेतलं. आणि घाईत पाहायचा राहून गेलेला माझ्या नातवाचा चेहरा मी निवांत पाहत राहिले.