मागितलेलं पुस्तक

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात मागितलेलं पुस्तक सहसा मिळत नसे. पुस्तक नसायचं असं नाही. ते कपाटात असायचं, कधी कधी मागणाऱ्याला काउंटरवरून दिसतही असायचं. पण काउंटरमागे थांबाकाका बसलेले असत. ते चष्मा कपाळावर सरकवून मागणाऱ्याकडे नीट बघत, "थांबा जरा" म्हणत आणि आत जाऊन भलतंच पुस्तक घेऊन येत. त्यांचं खरं आडनाव पेडणेकर. ते त्यांच्या घराच्या दारावरच्या पाटीपुरतं आणि एकदोन जुन्या मंडळींपुरतं होतं. बाकी सगळ्यांचे ते थांबाकाका.

पुस्तक हातात देण्याआधी ते त्यावर एक सणसणीत थाप मारत. वाचनालय होतं पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. खिडक्या कितीही लावून घेतल्या तरी पीठ कुठून तरी वर येई आणि पुस्तकांवर बसे. थाप मारली की एक पांढरा ढग उडायचा, काका त्यातून बाजूला होत आणि मग पुस्तक द्यायचे. आमच्या भागातली मुलं मोठी होईपर्यंत असंच समजत असत की पुस्तकांना दळणाचा वास येतोच.

बँकेतले एक साहेब दर आठवड्याला रहस्यकथा मागायला यायचे आणि मधमाश्यांवरचं, नाहीतर कुठल्या तरी किल्ल्यावरचं पुस्तक घेऊन जिना उतरायचे. एकदा चिडून त्यांनी विचारलं, "पेडणेकर, वर्गणी मी भरतो की तुम्ही?"

"तुम्हीच भरता. म्हणून तर तुमच्यासाठी एवढा वेळ काढतो," काका म्हणाले. साहेब पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

काकांचा अंदाज दर वेळी बरोबर यायचा असं मुळीच नाही. नुकतंच लग्न झालेल्या एका मुलाला त्यांनी एका संन्याशाचं चरित्र दिलं होतं, तेव्हा त्याची सासू भांडायला आली होती. कोणी पुस्तक परत आणून "नाही आवडलं" म्हटलं की काकांचा चेहरा उलट खुलायचा. "नाही आवडलं? बरं झालं. तुमच्याबद्दल एवढं तरी कळलं," असं म्हणून ते पुन्हा आत जायचे.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले ती पुस्तकासाठी नव्हे, नोकरीसाठी. ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला तेव्हा आमच्या कांजूरमार्गच्या चाळीत ते नक्की काय असतं हे कोणालाच कळलं नव्हतं. "पुस्तकं मोजायला शिकवतात काय गं?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. वडिलांची कापडगिरणी बंद पडली होती आणि ते एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले होते. मी टायपिंग शिकावं असं त्यांचं म्हणणं. मी हट्टाने हा कोर्स केला, पास झाले आणि मग शाळा, कॉलेजं, वाचनालयं असे उंबरठे झिजवू लागले. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव किती? पहिला अनुभव कोणाकडे मिळतो, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. इकडे मामाने एल.बी.एस. रोडवरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगसाठी शब्द टाकून ठेवला होता. "दिवाळीपर्यंत बघ," वडील म्हणाले, "मगे पॅकिंगाक जा." ते काम काही वाईट नव्हतं, चाळीतल्या निम्म्या मुली तेच करत होत्या. पण मला पुस्तकांत काम करायचं होतं. 

दिवाळी तोंडावर आली तेव्हा कोर्समधल्या एका मैत्रिणीने सांगितलं की मुलुंडच्या एका वाचनालयाच्या फळ्यावर 'प्रशिक्षित ग्रंथपाल पाहिजे' असं लिहिलंय. मी ठेवणीतली साडी नेसून, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गिरणीच्या बाजूचा जिना चढले.

"मी नोकरीसाठी आलेय," मी म्हटलं.

काकांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे बघितलं. "थांबा जरा." आत गेले आणि एक जाडजूड, जुनं पुस्तक घेऊन आले. थाप मारली. माझ्या साडीवर पीठ उडालं. "हे वाचा आणि शनिवारी या."

"पण मी सभासद नाही."

"ते दिसतंय मला," काका म्हणाले आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळले. सर्टिफिकेट पिशवीतच राहिलं. नोकरी मागायला गेलेली मी पुस्तक घेऊन घरी आले, आणि रस्ताभर त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पुस्तक होतं कातळात विहीर खणणाऱ्या एका शेतकऱ्याची कादंबरी. मी मोरीजवळच्या उजेडात वाचत बसले होते, वडील कामावर जायला निघाले होते. त्यांनी विचारलं, कसलं बुक? मी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी आपणहून विचारलं, "पाणी लागला काय गो?"

"नाय अजून."

"अजून पाना किती रवली?"

मी पुस्तक उघडून उरलेली पानं दाखवली. "खूप आसत. मगे लागतला," वडील म्हणाले आणि चपला घालून गेले. मग रोज तोच प्रश्न. वडिलांनी जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण गावी त्यांनी विहीर खणली होती, आणि ती कोरडी गेली होती.

शनिवारी काकांनी पुस्तक कसं वाटलं हे विचारलंच नाही. ते म्हणाले, "हे तू कोणाला देशील?"

मी पटकन म्हटलं, "माझ्या वडिलांना."

"वाचतात?"

"नाही. पण रोज विचारतात, पाणी लागलं का."

काका हसले. त्यांचा वरचा एक दात पडलेला होता हे मला तेव्हा दिसलं. "सोमवारपासून ये गो. कायम करायचं की नाही, ते कमिटी ठरवेल." अशी माझी मुलाखत झाली. काकांच्या हाताखाली मदतनीस हवी असेल, असं मी धरून चालले. घरी येऊन मामाला निरोप धाडला की दिवाळीनंतर थोडं थांब.

वाचनालयाची तऱ्हा बघून मात्र मला घाम फुटला. पुस्तकं विषयाने लावलेली नव्हती की लेखकाने. ती वाचणाऱ्या माणसांप्रमाणे लावलेली होती. एक कपाट नवघर रोडवाल्यांचं, एक स्टेशनजवळच्या चाळींचं, एक रिटायर मंडळींचं. कोपऱ्यात एक कपाट 'रुसलेल्यांचं' होतं. सगळ्यांनी 'नाही आवडलं' म्हणून परत आणलेली पुस्तकं त्यात ठेवलेली असायची. "ह्यांच्याकडे पण जरा बघत जा, कोणी विचारत नाही त्यांना," काका म्हणायचे. काका आजारी पडले की वाचनालय बंद, कारण दुसऱ्या कोणाला काहीच सापडत नसे.

मी एकेक पुस्तक उतरवून विषयवार आकडे टाकायला घेतलं. मला वाटलं होतं काका नाराज होतील. ते तर लहान मुलासारखे रंगले. पुस्तकांच्या पाठीवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागणारी खळ ते घरून स्वतः शिजवून आणत. पीठ काय, खाली होतंच. चिठ्ठी लावून झाली की पुस्तक लांब धरून बघत आणि म्हणत, "बघ, ह्यालाही घर मिळालं. आता पोस्टमन आला तरी पत्ता चुकणार नाही." स्वतःला मात्र त्यांना नव्या कपाटांत काही सापडेना. मग हाक यायची, "ए मुली, मधमाश्या कुठे राहायला गेल्या?"

एकदा एक बाई आली. तिला हृदयविकारावरचं पुस्तक हवं होतं. माझ्या आकड्यांची चांगली परीक्षा झाली, मी जाऊन क्षणात पुस्तक आणून दिलं. अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा जरा." आत गेले, बऱ्याच वेळाने विनोदी गोष्टींचं एक पुस्तक शोधून आणलं आणि थाप मारून तिच्या पिशवीत घातलं.

"हे मी नाही मागितलं," बाई म्हणाली.

"हो ना. ते घरी वाचा. हे हॉस्पिटलात घेऊन जा, मोठ्याने वाचा."

ती गेल्यावर काका मला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. तिने मागितलं ते तू दिलंस. पण तिचे हात बघितलेस? पिशवीचे बंद पिळत होती सारखी." पुढच्या आठवड्यात बाई विनोदी पुस्तक परत घेऊन आली आणि म्हणाली, ह्यांना असंच आणखी एखादं हवंय. हृदयविकाराचं तिने उघडलं होतं की नाही, कोण जाणे. मी मात्र त्या दिवसापासून पुस्तक मागणाऱ्याचे हात बघायला लागले.

कमिटीची सभा होती त्याच्या आदल्या आठवड्यात कार्यवाह दिघेसर सहज बोलून गेले. "तू कायम झालीस की सरकारी अनुदान वाढेल. प्रशिक्षित ग्रंथपाल असल्याशिवाय देत नाहीत ना. पेडणेकरांना मात्र मग खुर्ची सोडावी लागेल. दोघांना पगार द्यायची आपली ऐपत कुठे?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली शिकत होते, त्यांच्याच खुर्चीवर मला बसवणार होते. बायको गेल्यापासून मुलाच्या संसारात त्या माणसाला स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. दिवसभराचं त्यांचं जगणं त्या काउंटरमागे होतं. घरी येऊन मी वडिलांना सांगून टाकलं, मी पॅकिंगला जाते. वडील चपला घालता घालता थांबले. मग म्हणाले, "त्येंका इचारलंस?" मी विचारलं नव्हतं. विचारायचं धाडसच झालं नाही.

सभा रविवारी होती, टीव्हीवरची सकाळची पौराणिक मालिका संपल्यावर, कारण त्याआधी कोणी जागचं हललं नसतं. सतरंजीवर सगळे ज्येष्ठ बसले होते, मी दाराशी. दिघेसरांनी विषय काढताच बँकेतले साहेब उसळले. "आम्हाला पेडणेकरच पाहिजेत. अनुदान गेलं खड्ड्यात." बऱ्याच माना हलल्या. मी उभी राहिले. म्हटलं, "माझंही तेच म्हणणं आहे. मला ही जागा नको. मला दुसरीकडे काम मिळालंय."

"थांब," काका म्हणाले.

ते उठले. आधी कमिटीकडे वळले. "फळ्यावर जाहिरात मीच लिहायला लावली. दिघेसर नको म्हणत होते, मी त्यांच्या मागे लागलो. ही सगळी पुस्तकं माझ्या डोक्यात होती, आणि डोकं हल्ली गळायला लागलंय. परवा नातीला हाक मारायला गेलो तर तिचं नावच आठवेना. उद्या मी आलो नसतो तर ह्या खोलीत तुम्ही नुसते उभे राहिला असतात. आता हिने आकडे टाकलेत. कोणीही या, पुस्तक सापडेल."

"सापडेल हो," साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. "पण मागितलं नाही ते कोण देणार?"

"ही देईल. शिकतेय." मग काका माझ्याकडे वळले. "आणि तू. तू आत्ता जे मागतेयस ते तुला मिळणार नाही. इतकी वर्षं मी कोणाला मागितलेलं दिलं नाही, आता तुझ्यापासून सुरुवात करू?"

सगळे हसले. मी रडत होते. काका काउंटरमागे गेले, आपल्या खुर्चीच्या बैठकीवर एक सणसणीत थाप मारली, पीठ खाली बसेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाले, "बस."

घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते तांब्याने पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "लागला मगे पाणी."

काका दुसऱ्याच दिवसापासून सभासद म्हणून यायला लागले. रांगेत उभे राहायचे, कोणी पुढे जा म्हटलं तरी जायचे नाहीत. पहिल्यांदा त्यांना काउंटरच्या पलीकडे बघून मला गलबलून आलं, पण त्यांनी अगदी गंभीरपणे एक कादंबरी मागितली आणि मीही तितक्याच गंभीरपणे "थांबा जरा" म्हणून त्यांना हवामानावरचं पुस्तक दिलं. "नाही आवडलं," आठवड्याने त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "बरं झालं." आम्ही दोघं इतके हसलो की मागचे लोक खोळंबले.

पुढे ते माणसांची नावं, रस्ते असं बरंच विसरायला लागले. मुलाने त्यांना वेंगुर्ल्याजवळ गावी, भावाकडे ठेवायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ते आले. माझं नाव त्यांना आठवलं नाही. ते म्हणाले, "ए मुली, गावी न्यायला काहीतरी दे. ती विहिरीची दे."

मी म्हटलं, "थांबा जरा, काका."

विहिरीची कादंबरी समोरच होती. मी हात लावला आणि मागे घेतला. ती जाडजूड, तिकडे त्यांना जन्मभर पुरली असती. मी शोधून शोधून सगळ्यांत बारीक पुस्तक काढलं, थाप मारली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. "एवढंसं?"

"संपलं की बदलायला या," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. मी साडीचा पदर पिळत होते. "येतो," ते म्हणाले, पुस्तक सदऱ्याच्या खिशात घातलं आणि कठडा धरून सावकाश जिना उतरले.

ते आले नाहीत. गावाहून बातमी तेवढी आली. आता आमचं वाचनालय नव्या इमारतीत आहे, खाली गिरणी नाही, तरी पुस्तक देताना माझा हात आपोआप थाप मारतो. अनुदानाच्या तपासणीला येणारे साहेब दर वर्षी नोंदवहीत त्या बारीक पुस्तकाच्या नावापाशी अडतात. म्हणतात, बाई, किती वर्षं ते बाहेर दाखवणार, गहाळ म्हणून काढून टाका. मी त्यांच्यासमोर चहा ठेवते आणि म्हणते, थांबा जरा.