अपडेट झालं आणि आईचे कान गेले

एका रविवारी सकाळी आईच्या बँकेचं अ‍ॅप उघडेना. पडद्यावर सूचना आली: तुमच्या फोनची सिस्टीम जुनी आहे, ती अपडेट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आईची पेन्शन त्याच बँकेत जमा होते. पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी केलेली बाई. स्वतःचे व्यवहार कुणाच्या हातात देणार नाही, माझ्याही नाही. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"बघ गं, हा काय मागतोय."

तो फोन आधी माझा होता. मी नवा घेतला तेव्हा तिला दिला. कोपऱ्यावर एक चरा होता, बाकी काही बिघाड नव्हता. आणि आईच्या दृष्टीने तो नुसता फोन नव्हताच. तिचे कान त्याला जोडलेले होते.

हे नीट सांगायला हवं. आईला ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना कळून बरीच वर्षं झाली होती, फक्त तिला मान्य नव्हतं. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तिचं म्हणणं. शेवटी घाटकोपर पूर्वेच्या एका क्लिनिकमध्ये तिच्या दोन्ही कानांत मशीन बसवली. तिथल्या बाईंनी फोनमध्ये एक अ‍ॅप घातलं, मशीन त्याला जोडली आणि सांगितलं की आता फोनवरचा आवाज थेट कानात येईल. आईचा विश्वास बसला नाही. क्लिनिकच्या पायऱ्या उतरता उतरता तिने अकोल्याला मावशीला फोन लावला आणि तिथेच थांबली. मागून येणारा माणूस खोळंबला तरी हलेना.

"अगं, ही माझ्या डोक्याच्या आत बोलते आहे," ती मला म्हणाली.

मावशी तिची धाकटी बहीण. लग्न होऊन आई मुंबईला आली, मावशी अकोल्यातच राहिली. ऐकू येईनासं झाल्यापासून दोघींचं फोनवरचं बोलणं आटत आटत "बरी आहेस ना, जेवलीस ना" एवढ्यावर आलं होतं. मशीन बसल्यावर त्या रोज दुपारी बोलायला लागल्या. आई हात मोकळे ठेवून भाकऱ्या थापायची, भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि सगळा वेळ वऱ्हाडीत बोलत असायची. शेजारच्या वहिनींनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "आई एकट्याच बोलतात हल्ली, सगळं ठीक ना?" मी त्यांना मशीन समजावून सांगितली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

तर त्या रविवारी मी फोन चार्जिंगला लावला आणि अपडेट काय देणार ते वाचलं. मी वाचते. माझं कामच औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं तपासण्याचं आहे, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत. तिथे लिहिलं होतं: नवे इमोजी, कॅमेऱ्यात सुधारणा, रंगांची नवी मांडणी, सुरक्षा. कानांबद्दल अक्षर नव्हतं. परत मागे जाता येणार नाही, हेही कुठे दिसलं नाही. मी "सहमत" दाबलं. न दाबून करते काय? पेन्शन अडकली होती.

फोन बराच वेळ काळा राहिला, मग सुरू झाला. बँकेचं अ‍ॅप उघडलं. बाकी सगळं मात्र हललेलं होतं. अक्षरं बारीक, चित्रं गोल, फोन घ्यायचं बटण होतं तिथे नाही. आई वैतागली. "कुणी सांगितलं होतं याला माझं घर आवरायला?" मी अक्षरं मोठी करून दिली. होईल सवय, म्हटलं.

दुपारी मावशीचा फोन आला. आईने उचलला, "बोल वं" म्हणाली आणि वाट बघत राहिली. कानात काहीच नाही. मावशीचा आवाज फोनच्या तळाशी असलेल्या त्या बारक्या भोकांतून येत होता. तो मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता आणि फोन हातात धरलेल्या आईला नाही. मशीनचं अ‍ॅप मी उघडलं. पांढरा पडदा आला आणि बंद झालं. परत उघडलं, परत तेच. काढून टाकलं, परत घ्यायला गेले, तर सूचना: हे अ‍ॅप तुमच्या उपकरणावर चालत नाही.

काल चालत होतं! उपकरण तेच, कान तेच, बाई तीच.

क्लिनिकमधल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. या मॉडेलवर नवी सिस्टीम आली की आमचं अ‍ॅप बंद पडतं, म्हणाल्या. मशीनची कंपनी काहीतरी करेल. कधी? ते सांगता येत नाही. नाहीतर फोनच्या कंपनीला जुनी सिस्टीम परत घालून मागा. नाहीतर नवा फोन घ्या, हे मॉडेल चालतं. मशीन समोरासमोरच्या बोलण्याला चालू होती तेवढं नशीब. मी मशीनच्या कंपनीला लिहिलं, त्यांनी फोनच्या कंपनीकडे बोट दाखवलं. फोनच्या कंपनीला लिहिलं, त्यांनी आभार मानले आणि त्यांच्या उत्तरावर मी किती समाधानी आहे ते विचारलं.

ऑफिसात सांगितलं तर शेजारच्या टेबलवरची म्हणाली, "यार, एवढा जुना फोन! फेकून दे ना." मी तिला म्हटलं, चालणारी वस्तू का फेकू? तिने खांदे उडवले. सगळे असेच खांदे उडवत होते. पाऊस पडला, छत गळलं, आता काय करणार, असा सूर. पण हा पाऊस नव्हता. कुठेतरी माणसं टेबलाशी बसली होती आणि त्यांनी ठरवलं होतं की हे आता चालणार नाही.

आई मात्र गप्प होती. मी विचारलं की म्हणायची, "जमतंय गं, स्पीकरवर येतं थोडं थोडं." मला ते खरं वाटलं, कारण दुपारी मी घरी नसायचे. सुट्टीच्या दिवशी बघितलं तर ती फोन कानाच्या मशीनला दाबून धरून "हो, हो, बरं, बरं" करत होती. तो सूर माझ्या ओळखीचा होता. मशीन येण्याआधी ती आम्हा सगळ्यांशी असंच बोलायची. समोरच्याचा सूर बघून अंदाजाने हुंकार द्यायचा. बोलणं तीन-चार वाक्यांवर आलं होतं. मग मावशीचे फोन यायचेच थांबले. आई म्हणाली, तिच्याकडे पाहुणे असतील.

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसात असताना मावशीच्या मुलाचा फोन आला. एरवी तो मला सणासुदीला शुभेच्छा पाठवण्यापलीकडे जात नाही.

"ताई, एक विचारू? राग नको मानू. आईचं आणि मोठ्या मावशीचं काही बिनसलं का?"

"नाही रे. का?"

तो अडखळला. मग म्हणाला, "आईच्या छातीत गाठ निघालीय. डॉक्टरांनी कापून तपासायला लागेल म्हणून सांगितलं. तिने घरात कुणाला सांगायच्या आधी मोठ्या मावशीला फोन केला, ती नर्स होती म्हणून. तर मोठी मावशी म्हणाली, 'अरे वा, छान झालं.' आईने परत सांगितलं. मावशी हसली, म्हणाली, 'चला, बरं झालं बाई, एकदाचं झालं.' तेव्हापासून आई कुणाशी धड बोलत नाही. तपासायलाही जात नाही. म्हणते, माझ्या सख्ख्या बहिणीला बरं वाटलं, मग राहू द्या."

मी उठून बाहेर जिन्यात गेले. त्याला सगळं सांगितलं; अपडेट, अ‍ॅप, स्पीकर. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे ऐकूच गेलं नव्हतं?"

"एक अक्षर नाही."

घरी आल्यावर आईला समोर बसवून सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली, "मी असं म्हणाले? तिला?" मग आठवायला लागली. "मला वाटलं, तिच्या नातीच्या लग्नाचं जमलं. तिचा आवाज कापत होता ना, मला वाटलं आनंदाने." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. आमच्या घरी रडण्याची पद्धत नाही. बाबा गेले तेव्हाही ही बाई लोकांना चहा देत फिरत होती. त्या संध्याकाळी मात्र ती ओट्याशी उभी राहून रडली, आणि मला कुणाचं तरी मानगूट धरावंसं वाटत होतं, पण धरायला मानगूटच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. फोनच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर अंधेरीला. आई म्हणाली, मीपण येते. मेट्रोने गेलो. आत एसी, मोठ्याने गाणी, काचेच्या काउंटरमागे एक तरुण. मी जुनी सिस्टीम परत घालून मागितली.

"डाउनग्रेड होत नाही मॅडम. सिक्युरिटीसाठी असतं."

"पण यामुळे आईची कानाची मशीन बंद पडली."

"ते थर्ड पार्टी अ‍ॅप आहे मॅडम, आमचं नाही. आणि फोन किती जुना आहे बघा ना. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका."

आईला गाण्यांच्या आवाजात काही कळत नव्हतं. तिने काउंटरवर टकटक केली. "माझ्याशी बोल. फोन माझा आहे."

त्याने तिच्याकडे वळून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आंटी! जुनं! परत! नाही! होत!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "कान गेलेत, अक्कल नाही गेली. ते गाणं बंद कर आणि साधं बोल."

त्याने गाणं बंद केलं. आई बोलायला लागली. मला वाटलं होतं ती भांडेल. ती वॉर्डमध्ये नातेवाइकांशी बोलायची तशी, शांत बोलली. "मी हॉस्पिटलात होते. पेशंटला भूल द्यायच्या आधी आम्ही सांगायचो, काय होऊ शकतं. सही घ्यायचो. तुम्ही मला इमोजी सांगितलेत. कान जातील हे सांगितलं नाहीत. माझ्या बहिणीने मला गाठ निघाल्याचं सांगितलं आणि मी तिला छान झालं म्हणाले. हे कुणाला सांगायचं ते मला सांग."

त्याचा चेहरा उतरला. "आजी, मी फक्त काउंटरला आहे," तो हळू म्हणाला. "मी वर कळवू शकतो." मागे रांगेतला एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, जरा लवकर आटपा ना." बस, एवढंच झालं. कुणी मॅनेजर धावत आला नाही, कुणी माफी मागितली नाही. वर कळवलं असेल तर वरून आजवर काही खाली आलेलं नाही.

बाहेर पडून त्याच रस्त्यावरच्या दुकानात आम्ही क्लिनिकने सांगितलेल्या मॉडेलचा नवा फोन घेतला. दुसऱ्या कंपनीचा, एवढीच माझी मिजास. विकणारा पोरगा उत्साहाने कॅमेरा दाखवत होता. मी त्याला म्हटलं, पॅक कर. विकत घेताना इतका संताप मला कधी आला नव्हता. चांगला चालणारा फोन पर्समध्ये होता आणि तो चालू नये असं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं.

तिथून थेट घाटकोपरला क्लिनिकमध्ये. बाईंनी मशीन जोडून दिली. आईने तिथल्याच खुर्चीत बसून मावशीला फोन लावला. मावशी काय बोलली ते मला आईच्या उत्तरांवरून आणि नंतर मावशीकडूनच कळलं. आधी ती बोलेचना. आई म्हणाली, "मले ऐकू गेलं नव्हतं वं. खरंच नाई गेलं." मग मावशीने विचारलं, "आता येते का ऐकू?"

"येते."

"मंग नीट ऐक," मावशी म्हणाली, आणि तिने पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. कुठल्या बाजूला, केवढी, दुखते का, डॉक्टर काय म्हणाला. आई मधेमधे नर्ससारखे प्रश्न विचारत होती. क्लिनिकच्या बाईंनी पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं.

आई त्याच आठवड्यात अकोल्याला गेली. मावशीला हाताला धरून तपासायला नेलं, गाठ काढली तेव्हा दाराशी बसून राहिली, ड्रेसिंग स्वतः केलं. रिपोर्ट आला. गाठ साधी होती. आईने ते मला फोनवर सांगितलं तेव्हा मागे मावशी कुणालातरी भाजीत मीठ कमी झाल्याबद्दल झापत होती.

परत आल्यावर आई म्हणाली, "झालं ना सगळं ठीक? आता किती दिवस तो राग घेऊन बसशील?"

मी तिला सांगितलं, मावशी तपासायला जायचंच नाही म्हणत होती. तिचा मुलगा लाजत का होईना माझ्याशी बोलला म्हणून कळलं. तो बोलला नसता, आणि गाठ साधी नसती, तर?

मशीन काढून आईने डबीत ठेवली आणि आंघोळीला गेली. मी तिथेच बसून राहिले. राग माझा अजून आहे, आणि तो मी सोडणारही नाही.