आई सीरियस, ताबडतोब निघा

आमच्या साहेबांना लहानपणी एका पाद्र्याने लॅटिन शिकवलं होतं, आणि त्याचा सूड ते आमच्या नगरच्या कचेरीवर उगवत. कुणी रजेचा अर्ज ठेवला की चष्मा काढून ते 'मेंटिरी' या शब्दाचा अर्थ सांगत. मेंटिरी म्हणजे खोटं बोलणं. पण नुसतं चुकीचं बोलणं नव्हे. मनात एक असताना तोंडाने दुसरं सांगणं. न कळून चुकीचं बोलला, तो बिचारा फसलेला. पण खोटं समजूनच बोलला आणि योगायोगाने ते खरं निघालं, तरी तो खोटारडाच. आम्ही माना डोलवायचो. एकाची आजी एका वर्षात दोनदा वारली होती. तो सगळ्यात जोरात डोलवायचा.

बहात्तरच्या दुष्काळात रजा बंद झाल्या. मला मात्र पुण्याला जाऊन तीन सिनेमे बघायचे होते. आई गावी एकटीच राहायची, पारनेरपासून चार मैलांवर. पारनेरच्या बाजारातल्या मित्राला सांगून मी कचेरीच्या पत्त्यावर तार करवली: आई सीरियस, ताबडतोब निघा.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "दुष्काळी कामं बघायला मी तिकडेच निघालोय. चला, बसा जीपमध्ये." मी बसलो. आई धडधाकट दिसली की नोकरी गेलीच. रस्ताभर मी देवाकडे एकच मागत होतो, आई घरात नसू दे.

आई घरातच होती. अंगात फणफणता ताप, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी. कालपासून पडून होती आणि कुणाला कळवलेलं नव्हतं. साहेबांनी जीप पाठवून डॉक्टर आणवला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी संशय घेतला तुमचा. माफ करा." मी माफ केलं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

ते गेल्यावर आईने विचारलं, "तुला कसं कळलं रं?"

"असंच. सकाळपासून चैन पडंना."

ती बरी झाली आणि गावभर सांगत सुटली, "माज्या लेकराला न सांगता कळतं." बायका मला दाखवून आपल्या पोरांना टोमणे मारू लागल्या. मी फुकटात आदर्श मुलगा झालो. पुढे रजा सुरू झाल्यावर पुण्याला जाऊन तिन्ही सिनेमेही बघून आलो.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आजारी पडली. शेजारची मावशी कळवायला निघाली, तर हिने अडवलं. "कशाला? त्याला कळतंय की. यील." रोज संध्याकाळी एसटीच्या वेळेला ती दाराकडे तोंड करून पडायची, असं मावशीनेच मला नंतर सांगितलं. आठव्या दिवशी मावशीने तिला न विचारता तार केली.

मी पोचलो तेव्हा आईचा आवाज पार बसला होता. ती रागावली नाही. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "या खेपंला उशिरा कळलं व्हय रं?"