मावशीच्या हातचा लेप

माझी मावशी फोटो स्टुडिओत लोकांच्या सुरकुत्या पुसते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गळ्यावरच्या रेषा, सगळं संगणकावर दोन मिनिटांत साफ. "दहा वर्षं कमी करून देते, बोला!" असं गिऱ्हाइकांना सांगते. स्वतःचं कौतुक करण्यात ती कधीच मागे नव्हती.

त्यामुळे खऱ्या चेहऱ्यावरही आपला हात चालेल, हे तिच्या डोक्यात बसलं. लिंबाचा रस आणि खायचा सोडा कालवून लेप करायची, ज्याला त्याला सांगत सुटायची. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्टच्या जागेसाठी आईची मुलाखत ठरली, तेव्हा बावन्नाव्या वर्षी आईला चेहऱ्याची काळजी लागली. मावशी वाटी घेऊन हजर.

"झोंबणार नाही ना गं?"

"अगं, माझ्या हातावर लावून बघितलाय. काऽही होत नाही."

खोटं नव्हतं ते. पण ते हात वीस वर्षं डार्करूममध्ये फोटो धुण्याच्या रसायनांत बुडालेले. कातडी इतकी निबर, की तापलेला तवाही तिला उशिरा कळतो. हे कोणालाच सुचलं नाही. मी तर शहाण्यासारखी वाटीत चमचा फिरवत बसले होते.

झोंबलं तरी आईने पाच दिवस लेप लावला. धाकट्या बहिणीचं मन मोडवेना. सहाव्या दिवशी दोन्ही गाल सोलून निघाले.

"लिंबू आणि सोडा?" त्वचेच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. "यानं कातडीचं वरचं कवच जातं. सुरकुत्या तर तसूभरही हलत नाहीत. कोणी सांगितलं हे?"

मावशी माझ्या शेजारीच उभी होती. तोंडाला कुलूप.

"मीच केलं," आई म्हणाली.

घरी येताना मावशी रस्ताभर पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मला तिची लाज वाटली. स्वतःचीही वाटली, कारण गप्प तर मीही होते.

तशाच चेहऱ्याने मुलाखत देऊन आईने नोकरी मिळवली. ओळखपत्राला फोटो हवा होता, आणि त्यात काही पुसायचं नाही, असा नियम. तो मावशीच्याच स्टुडिओत काढला. पडद्यावर आईचे गाल आले, तपकिरी डागांसकट. मावशीचा माउस सवयीने गालापाशी गेला आणि थांबला.

तेवढ्यात काउंटरवरून एक बाई म्हणाली, "ताई, तुमचा तो लेप कसा करायचा, सांगा ना."

मावशीचे कान लाल झाले. तिने पडदा त्या बाईकडे वळवला.

"ही माझी बहीण. हे त्या लेपानं झालंय. मी दिला होता."

बाई गेली. आई स्टुलावरच बसून होती.

"हे डॉक्टरांसमोर का नाही बोललीस?" तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं.

मावशीने फोटो छापले, कापले. एक स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. आईच्या गालांवरचे डाग आता गेलेत, तो फोटो अजून तिथेच आहे.