आजोबांच्या नावेची फळी

यमुनेच्या घाटावरचा तो म्हातारा नावाडी मी एकदाच पाहिला. त्या ठिकाणी पूल नव्हता तेव्हा त्याचे आजोबा लोकांना पलीकडे नेत. पूल झाल्यावर बापाने सहलीच्या नावा काढल्या. आता तो आणि त्याचे भाऊ मिळून चार नावा चालवत होते. नवी नाव बांधली की आजोबांच्या नावेची एक फळी तिच्यात बसवायची, ही त्यांच्या घरची रीत. ती काळी फळी त्याने आम्हाला दाखवली, तिला हात लावून नमस्कार केला आणि मगच वल्ही उचलली.

आमच्या ह्यांच्या ऑफिसची सहल होती. मोठ्या साहेबांनी बूट नेमके त्या फळीवर टेकवले.

“साहबजी, पैर हटा लीजिए,” म्हातारा म्हणाला.

“लकड़ी ही तो है, यार! चुपचाप चला, नहीं तो कल से घाट पर दिखेगा नहीं.”

सगळे हसले. हेही हसले. माझ्या अंगाची आग झाली, पण मी पदराचं टोक पिळत बसले.

म्हाताऱ्याने वल्ही थांबवली. “बाढ़ में आप ही लोगों को इसी पर बैठाकर निकाला था. तब किसी के पैर में जूते नहीं थे.”

पुराची एवढीच आठवण देऊन त्याने नाव वळवली आणि आम्हाला काठावर उतरवलं.

“काय माज आहे!” हे म्हणाले.

चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, “त्याला माज तरी आहे. आपल्याला लाजसुद्धा नाही.”

साहेब मराठी नव्हते, पण माझा आवाज त्यांना बरोबर कळला.