भांड्यांचा ताळेबंद

“गेलं म्हणू नका. गेलं ते कुठं बसलं, ते बघा.”

मालनबाईंचं हे वाक्य आमच्या मळ्याच्या वस्तीत आजही चालतं. कुणाचा रुमाल हरवला तरी म्हणतात. पण मालनबाई ते बोलायला लागल्या नव्याण्णव साली, आणि त्याआधी त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आमची वस्ती नाशिकच्या कडेची, शेवंती-झेंडू पिकवणारी. अशी शेवंती दुसरीकडं फुलत नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. इथल्या बायकांनी एक भांडी फंड काढला होता. दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे पैसे द्यायचे, त्यातून पातेली, पराती, हंडे घ्यायचे आणि वस्तीत लग्न निघालं की वापरायला द्यायचे. मालनबाई चौथी शिकलेल्या, म्हणून पैशाचा डबा त्यांच्याकडं. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे त्या पाडव्याला मारुतीच्या पारावर वाचून दाखवत.

त्या पाडव्याला शिल्लक वाचली आणि चिमणाबाई उठल्या. वस्तीतलं वजनदार घर त्यांचं.

“इतक्या वर्षांचा पैसा, आन डब्यात एवढीच चिल्लर? बाकी गेला कुठं, मालन?”

“खर्च झाला की, जाऊबाई. वाचून दाखवला ना आत्ता.”

“तेच म्हणते मी. समदा खर्चच कसा? येत्या पुनवंला नीट हिशेब दे, नायतर भरून दे.”

भरून द्यायचं म्हणजे दारातली म्हैस विकायची. आणि म्हैस विकली तर फंड खाल्ल्याचं कबूलच केल्यासारखं.

मालनबाई फुलं घेऊन रोज इंदिरानगरात जात. तिथं मंजुषाताई नावाच्या बाई पोरांना हिशेबशास्त्राची शिकवणी देत. देवाला शेवंती घेता घेता त्यांनी विचारलं, “मावशी, चेहरा का असा?” मालनबाईंनी पायरीवर बसून सगळं सांगितलं.

“ही टोपली विकत घेतली तेव्हा पैसे गेले ना?” ताईंनी विचारलं.

“गेले.”

“मग आता ते कुठं आहेत?”

मालनबाईंनी टोपलीकडं पाहिलं. उचलून पाहिलं. “ताई, हितंच बसलेत की!”

“झालं तर. फुलांवर शिंपडलेलं पाणी संपलं, तो खर्च. टोपली राहिली, ती मालमत्ता. तुम्ही पातेलीसुद्धा खर्चात लिहिलीत. ताळेबंदाला दोन बाजू असतात, मावशी. पैसा कुणी दिला ते एकीकडं, तो आज कुठं आहे ते दुसरीकडं.”

मग रोज फुलं विकून झाली की पायरीवर धडा. मालनबाई लवकर शिकल्या असं मी म्हणणार नाही. पहिल्या मांडणीत त्यांनी कल्हईसुद्धा मालमत्तेत घातली. “ती पण भांड्यावरच बसलीये ना, ताई!”

“आणि वर्षात उडते. मग?”

“मग खर्च,” त्या खट्टू होऊन म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगताक्षणी पटली. वस्तू वापरून झिजते, तेवढी तिची किंमत कमी धरायची, त्याला घसारा म्हणतात. राखेनं भांडी घासून ज्यांचे हात खरबरीत झाले, त्यांना घसारा काय वेगळा शिकवायचा?

रात्री जेवताना त्यांचा नवरा पुंजा म्हणाला, “आन मी कुठल्या बाजूला गं?”

“तुम्हाला घसारा लय लागलाय. पण मोडीत काढायला जीव होत नाय.”

पुनवेच्या आदल्या दिवशी मालनबाईंनी घरोघरी निरोप दिला, फंडाचं भांडं ज्याच्या घरी असेल त्यानं पारावर आणावं. पूनव उजाडली आणि आळीआळीतून बायका निघाल्या. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. कुणी परातीत मूठभर गहू घातले, कुणी पातेल्यात गुळाचा खडा, कुणी बाजरी. पार उन्हात झळकत होता. मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

मालनबाई एकेक भांडं समोर घेऊन दुकानाच्या पावतीशी ताडत होत्या, घसारा वजा करत होत्या. शेवटी एक पावती उरली. मोठा तांब्याचा हंडा. सगळ्यात महाग वस्तू, आणि ती पारावर नव्हती.

“बघा,” चिमणाबाई म्हणाल्या, “मी काय म्हणत होते!”

मालनबाईंनी पावती पुन्हा वाचली. तेवढ्यात चिमणाबाईंची सून योगिनी हळूच म्हणाली, “आत्याबाई, आपल्या न्हाणीतल्या चुलीवरचा हंडा... त्याच्यावर फंडाचं नाव हाय. काल काजळी घासताना दिसलं.”

“गप गं! तो माझ्या लेकाच्या, संतोषच्या लग्नातला हाय.”

“लग्नातलाच,” मागून कुणीतरी म्हणालं. “लग्नाला नेला, तो आलाच नाय!”

पार हसायला लागला. चिमणाबाई आधी रागानं लाल झाल्या, मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसल्या. “मेला, माझ्याच न्हाणीत बसला व्हता!” घरी जाऊन त्यांनी हंडा आणला, स्वतःच्या डोक्यावरून. आत पायलीभर तांदूळ होते.

मालनबाईंनी हंडा मांडला, डब्यातली शिल्लक, संपलेला खर्च आणि घसारा धरला आणि दोन्ही बाजूंची बेरीज वाचली. जुळली. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिली. मग पाराला टेकून डोळे मिटले आणि असा श्वास सोडला, की शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“मालन, हे धान्य कुठल्या बाजूला लिहायचं?” चिमणाबाईंनी विचारलं. आवाज मऊ झाला होता.

मालनबाईंनी विचार केला. “हे मला नाय शिकवलं. खिचडी करू, खाऊन टाकू.”

खिचडी झाली, पंगत उठली. बायकांनी डबा पुन्हा त्यांच्याच हातात दिला. तो काखेत घेऊन मालनबाई शेवंतीच्या वाफ्यांमधून घराकडं निघाल्या, सावकाश, मान वर करून. बाकीच्या खरकटं आवरत होत्या. एकट्या चिमणाबाई पाराच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. मालनबाई बांधाच्या वळणाआड गेल्या, तेव्हाच त्या सुनेला म्हणाल्या, “चल.”